कोल्ड स्टोरेजचा बटाटा तळला की लाल का होतो? बटाट्यात स्टार्च बनवणारे जीन नक्की करतात काय?

मानसी_सुदामानगर, इंदूर

नमस्कार मंडळी. मी आणि सासूबाई मिळून घरीच उपवासाचे वेफर, बटाट्याचा कीस, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या असं करून देतो, गिऱ्हाईक ओळखीतलंच पण चांगलं आहे, मराठी घरं तर आहेतच शिवाय नवरात्रात शेजारच्या गुजराती बायकाही घेऊन जातात. फेब्रुवारी-मार्चात चोइथराम मंडीतून नवा बटाटा आणला की वेफर असे पांढरे तळून निघतात की बघत राहावं. आणि श्रावणात तोच बटाटा, त्याच जातीचा, त्याच शेतकऱ्याकडचा, फक्त मधले काही महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेला, तो कढईत पडला की लगेच लालसर तपकिरी, वर चवीला कडवट. तेल बदललं, आच कमी केली, तुरटीच्या पाण्यात ठेवला, काही फरक नाही. गिऱ्हाईक म्हणतं करपवलेत.

मुलगी बारावीला आहे, बायोवाली. ती म्हणाली आई थंडीत बटाट्यातले जीन चालू होतात आणि स्टार्चची साखर होते. कोणते जीन, कसे चालू होतात, हे विचारलं तर तिच्या पुस्तकात तेवढं नाहीये. म्हणून इथे विचारते. जीन तर जन्मापासून तेच असतात ना, मग फेब्रुवारीत एक काम आणि श्रावणात दुसरं असं कसं? मुळात बटाट्यात एवढा स्टार्च भरतो कोण? आणि मंडीत उभ्या उभ्या काही ओळखता येतं का की हा लाल होणार? सोप्या भाषेत सांगा पण अर्धवट सांगू नका, मला खरंच समजून घ्यायचंय.

वनस्पतीवाले_सर, इंदूर

मानसीताई, मुलीने मूळ गोष्ट बरोबर पकडलीय, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. मी बॉटनी शिकवतो आणि हा माझ्या फार आवडीचा विषय आहे त्यामुळे लांब लिहितोय, चहा घेऊन वाचा.

पहिलं म्हणजे जीन तेच असतात हे खरं, पण सगळे जीन सगळीकडे सगळ्या वेळी काम करत नाहीत. बटाट्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, 2011 साली वाचून झाला (त्या कामात आपली शिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्थाही होती) तेव्हा त्यात सुमारे 39,000 जीन निघाले. हे पानातही आहेत, फुलातही आहेत आणि मातीखालच्या बटाट्यातही आहेत. फरक एवढाच की कुठल्या पेशीत कुठल्या जीनची नक्कल निघतेय, म्हणजे आरएनए बनतोय, आणि त्यावरून प्रोटीन किती बनतंय. जीन चालू आहे म्हणतात ते याला. आणि आपल्या विषयात ही प्रोटीनं म्हणजे बहुतेक एन्झाइम, पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी.

आता स्टार्च भरतो कसा ते. पान उन्हात साखर बनवतं, ती सुक्रोजच्या रूपात, म्हणजे आपण चहात घालतो तीच साखर, देठातून खाली उतरते. जमिनीखाली बटाट्याच्या झाडाला आडव्या फांद्या असतात, त्यांना स्टोलन म्हणतात, त्यांच्या टोकाला बटाटा धरतो (बटाटा हे मूळ नाहीच, फुगलेलं खोड आहे, म्हणून त्यावर डोळे असतात, रताळं मात्र खरं मूळ). टोकाने फुगायला कधी सुरुवात करायची हा हुकूम वरून पानातून येतो. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की पानात एसपी6ए नावाचा जीन चालू होतो, त्याचं प्रोटीन साखरेच्याच वाटेने खाली स्टोलनच्या टोकापर्यंत जातं. हे 2011 मध्ये सिद्ध झालं. दुसऱ्या झाडांमध्ये फूल कधी यायचं हे ठरवणारं जे प्रोटीन असतं त्याच घराण्यातलं हे आहे, बटाट्याने ते कंदाच्या कामाला लावलं. मला हे दरवर्षी वर्गात सांगताना नव्याने आनंद होतो.

टोक फुगायला लागलं की तिथल्या पेशींमध्ये मोठी अदलाबदल होते. आधी तिथे इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम सुक्रोज तोडत असतं, ते मागे पडतं आणि सुक्रोज सिंथेज नावाचं एन्झाइम बनवणारा जीन जोरात चालू होतो. तोही सुक्रोजच तोडतो पण अशा पद्धतीने की पेशीची ऊर्जा कमी खर्च होते आणि तुकडा स्टार्चच्या रस्त्याला लागतो. पुढे त्या तुकड्यावर दोन-तीन प्रक्रिया होऊन तो पेशीतल्या एका छोट्या पिशवीत शिरतो, तिला अमायलोप्लास्ट म्हणतात, स्टार्चचे दाणे इथेच बनतात. आत शिरल्यावर सगळ्यात महत्त्वाचं एन्झाइम भेटतं, एजीपेज. हा या रस्त्यावरचा टोलनाका समजा, ग्लुकोजचा तुकडा इथून एडीपी-ग्लुकोज होऊन सुटला तरच पुढे स्टार्चमध्ये जोडला जाणार. 1992 मध्ये जर्मनीत एका प्रयोगात बटाट्यातला हाच जीन दाबून टाकला, तर स्टार्च जवळजवळ गायब झाला, बटाट्यात साखर तुंबली आणि झाडाला लहान लहान पण संख्येने जास्त बटाटे लागले. एक जीन गप्प केला आणि अख्ख्या बटाट्याचा स्वभाव बदलला.

एडीपी-ग्लुकोज तयार झालं की जोडणारी एन्झाइम येतात. एक सरळ लांब साखळी बनवतं, तो अमायलोज. बाकीची काही साखळी वाढवतात, काही तिला फांद्या फोडतात, काही नको त्या फांद्या छाटतात, तो अमायलोपेक्टिन. बटाट्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाचवा हिस्सा ते पाव अमायलोज असतो, उरलेला अमायलोपेक्टिन. या प्रत्येक एन्झाइमचा वेगळा जीन आहे आणि बटाटा फुगत असताना यातले बरेचसे एकाच सुमारास चालू होतात.

आणि यांना चालू करतं कोण, तर बऱ्याच अंशी साखर स्वतःच. सुक्रोज भरपूर आलं की एजीपेजचा जीन, सुक्रोज सिंथेजचा जीन जास्त काम करतात. म्हणजे माल आला की तो साठवायची व्यवस्था आपोआप वाढते. शिवाय जीनच्या वर आणखी एक पातळी आहे, एजीपेज बनून तयार असलं तरी ते चालू-बंद होऊ शकतं, त्याच्या दोन भागांमध्ये एक रासायनिक पूल बनतो तेव्हा ते मंदावतं आणि तो पूल तुटला की कामाला लागतं. 2002 मध्ये दाखवलं गेलं की वाढता बटाटा झाडापासून तोडला की हा पूल बनतो आणि स्टार्च बनणं मंदावतं. म्हणून ताई, तुमच्याकडे येणारा बटाटा जमिनीतून निघाला तेव्हाच त्याचं भरणं संपलेलं असतं. त्यानंतर जे होतं ते साठवलेलं जपणं किंवा मोडणं.

आता श्रावणातली गोष्ट. कोल्ड स्टोरेजमध्ये बियाण्याचा आणि भाजीचा बटाटा 2 ते 4 डिग्रीवर ठेवतात, म्हणजे कोंब येत नाही. पण बटाट्याला 8-10 डिग्रीच्या खाली गेलं की थंडी बाधते आणि पेशीत मोडण्याची यंत्रणा जागी होते. स्टार्चच्या दाण्यावर एक एन्झाइम फॉस्फेट चिकटवतं, त्याने दाणा सैल पडतो, मग अमायलेज वगैरे त्याच्या साखळ्या तोडतात. सुटलेल्या तुकड्यांचं परत सुक्रोज बनतं. इथपर्यंत तरी तळताना फार बिघडत नाही, कारण सुक्रोज सरळ सरळ लाल होत नाही. पण थंडीत आणखी एक जीन एकदम उसळतो, व्हॅक्युओलर इन्व्हर्टेज. तो सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतो. हे दोघं गरम तेलात बटाट्यातल्या अस्पॅराजिन वगैरे अमिनो आम्लांशी भिडले की तपकिरी रंग आणि कडवटपणा येतो. याच भिडण्यातून अॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायनही बनतं, 2002 मध्ये स्वीडनमधून ते पहिल्यांदा समोर आलं आणि तेव्हापासून वेफरवाल्या कंपन्या साखरेकडे फार बारकाईने बघायला लागल्या. तर तुमची कढई, तेल, आच सगळं बरोबर आहे, करपलेलं काही नाही, बटाट्यातच साखर जास्त आहे.

हा एकच जीन किती जबाबदार आहे हे 2010 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी तो दाबला आणि बटाटा 4 डिग्रीवर ठेवूनही वेफर फिकट निघाले.

पाटील_सांवेर

सरांनी फार छान लिहिलं. मी शेताकडून सांगतो, आमचा बटाटा दरवर्षी असतो, थोडा मंडीत जातो थोडा चिप्सवाल्यांना.

मानसीताई तुम्ही बटाटा घेताना जात विचारता का? कारण सगळा खेळ जातीपासून सुरू होतो. मंडीत भाजीचा बटाटा आणि चिप्सचा बटाटा वेगळा मिळतो. कुफरी चिप्सोना-1 आणि चिप्सोना-2 या 1998 मध्ये खास चिप्ससाठी काढलेल्या जाती, मग चिप्सोना-3 आली, शिवाय एलआर म्हणजे लेडी रोझेटा, ती लाल सालीची. यांच्यात सुक्या मालाचं, म्हणजे पाणी सोडून जे उरतं त्याचं, प्रमाण 20 टक्क्यांच्या वर आणि तळताना लाल करणारी ती साखर कमी असते. कंपनीवाले तर 100 ग्रॅम बटाट्यात 100 मिलिग्रॅमच्या आत साखर मागतात, जास्त निघाली तर ट्रॉली परत. कुफरी ज्योती भाजीला चांगली पण सगळ्या हंगामात वेफरला भरवशाची नाही.

माळव्यातला बटाटा चिप्सला चालतो याचं कारण आमचं हवामान. दिवसा ऊन चांगलं, रात्री गार पण पंजाबसारखी कडक थंडी जमिनीत उतरत नाही, त्यामुळे साखर कमी राहते. आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतो. एखाद्या वर्षी लावल्यावर गर्मी लांबली की झाड नुसतं वर वाढतं, पाला झकास, खाली बटाटा धरत नाही, आता कळलं की तो एसपी6ए का काय तो गर्मीत गप्प बसत असणार, बरोबर ना सर? युरिया जास्त टाकला तरी तसंच होतं, पाला हिरवागार आणि बटाटा उशिरा पिकतो, आणि कच्चा काढलेला बटाटा साखरेचाच असतो. म्हणून पाला कापून मग पंधरा-वीस दिवस बटाटा जमिनीत राहू देतात, साल पक्की होते. जो शेतकरी भाव चढला म्हणून घाईने काढतो त्याचा माल वेफरला घेऊ नका, कितीही चकचकीत दिसला तरी.

आणि स्टोरेज. चिप्सवाला माल 10 ते 12 डिग्रीवर वेगळ्या चेंबरला ठेवतात, कोंब येऊ नये म्हणून औषधाची धूर-फवारणी करतात. भाजीचा माल 2-4 वर. भाव थोडा जास्त पडतो पण तुम्ही 10-12 डिग्रीवाला मागा. व्यापाऱ्याला नुसतं शुगर-फ्री द्या म्हटलं तरी त्याला कळतं, मंडीत त्याच नावाने विकतात. फक्त बोर्डवर लिहिलंय म्हणून विश्वास नको, दोन बटाटे कापून घरी तळून बघायचे आणि मग पोतं घ्यायचं.

वनस्पतीवाले_सर, इंदूर

पाटीलसाहेब, बरोबर. गर्मीत एसपी6ए दबतो. 2019 मध्ये असंही दिसलं की उष्णतेत एक बारीकसा आरएनए त्या जीनच्या नकलांना गाठून तोडतो, म्हणजे जीनने हुकूम लिहिला तरी तो खाली पोचत नाही. तो बारीक आरएनए अडवला तर गर्मीतही झाडाने बटाटे धरले. ज्या गावांत नोव्हेंबर पूर्वीसारखा गार राहिला नाही त्यांच्यासाठी हे संशोधन फार मोलाचं आहे. गर्मीत नुसतं धरणंच नाही, भरणंही कमी होतं, म्हणजे स्टार्च बनवणाऱ्या एन्झाइमचं काम मंदावतं. युरियाचं तुमचं निरीक्षणही पक्कं आहे, नायट्रोजन जास्त असला की झाड साखर पाला वाढवण्यात घालवतं.

ऋचा_एमएससी, इंदूर

सर मी बायोटेक करतेय, एक शंका आहे. एजीपेज जर टोलनाका असेल तर तोच जीन वाढवायचा ना, म्हणजे प्रत्येक बटाट्यात स्टार्च दुप्पट. मग आतापर्यंत का नाही झालं? आणि मी सेमिनारसाठी कसावा (साबुदाणा ज्याच्या मुळांपासून बनतो तो) घेतलाय, त्यात आणि बटाट्यात हेच जीन आहेत का?

वनस्पतीवाले_सर, इंदूर

ऋचा, हा प्रश्न लोकांनी तीस वर्षांपूर्वीच विचारला होता आणि उत्तर अजूनही पूर्ण सरळ नाही, म्हणूनच सेमिनारला घे, चांगला विषय आहे.

1992 मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जिवाणूचा एजीपेज जीन, तोही असा बदललेला की त्याच्या एन्झाइमला पेशीतले नेहमीचे ब्रेक फारसे लागत नाहीत, बटाट्यात घातला. स्टार्च वाढला, मोठी बातमी झाली. मग 1996 मध्ये इंग्लंडच्या गटाने दुसऱ्या जातीत तसाच जीन घातला, एजीपेजचं काम वाढलं, स्टार्च बनण्याचा वेगही वाढला, पण शेवटी बटाट्यात स्टार्च जास्त साठला नाही, कारण बनण्याबरोबर मोडणंही वाढलं. यातून काय लक्षात घ्यायचं, की आपण कंदाला गोदाम म्हणतो पण आत सतत बनणं-मोडणं चालू असतं आणि एका टोकाला जोर दिला तर दुसरं टोक सावरून घेतं. पुढे लोकांनी रस्त्यावरच्या दुसऱ्या जागा तपासल्या. अमायलोप्लास्टच्या आत ऊर्जा, म्हणजे एटीपी, पोचवणारं एक प्रोटीन आहे, ते वाढवलं तर स्टार्च वाढला. तिथलंच एटीपी इकडेतिकडे फिरवणारं एक एन्झाइम कमी केलं तरी वाढला. म्हणजे अडचण नुसती नाक्यावर नव्हती, आत काम करायला लागणाऱ्या ऊर्जेचीही होती. वर पानात साखर किती बनते हेही आहेच. पान कमी बनवत असेल तर कंदातले सगळे जीन जागे असून काय उपयोग.

कसाव्यात मुख्य एन्झाइम तीच आहेत, सुक्रोज सिंथेज, एजीपेज, साखळी जोडणारी, फांद्या फोडणारी. पण हा खरा मुळांचा कंद, आणि बटाट्यासारखा तो पुढच्या पिढीचं बियाणं नाही, कसावा लावतात खोडाच्या तुकड्यांनी. क्रोमोसोम 36, दोन-दोन प्रती, म्हणून जीनचं काम त्यात समजायला बटाट्यापेक्षा सोपं. लागवडीच्या बटाट्यात चार-चार प्रती आणि रताळ्यात तर सहा-सहा, 90 क्रोमोसोम. एक जीन बंद करायचा म्हणजे सगळ्या प्रती गाठाव्या लागतात, क्रिस्पर, म्हणजे हवा तो जीन नेमका गाठून कापायचं तंत्र, आल्यापासून ते जमायला लागलंय.

बडोद्याचा_लॅबवाला

माझी नोकरी स्टार्चच्या लॅबमध्ये आहे, बडोद्याला, म्हणून सरांनी पटकन पुढे नेलेल्या अमायलोजवर थोडं थांबतो, कारण मानसीताईंच्या चकल्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

साबुदाणा आपल्याकडे कसाव्याचा, जास्त करून तामिळनाडूत सेलमच्या बाजूला बनतो. कसाव्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज बटाट्यापेक्षा थोडा कमी, म्हणून साबुदाणा भिजला की पारदर्शक आणि चिकट होतो. अमायलोज बनवतं ते एन्झाइम म्हणजे जीबीएसएस, दाण्याला चिकटून काम करणारं. हा एक जीन बंद पडला की स्टार्चचं एकूण प्रमाण फारसं न बिघडता अमायलोज जवळपास संपतो, नुसता अमायलोपेक्टिन राहतो. असं निसर्गातही होतं. कोलंबियातल्या संशोधन केंद्रात असा कसावा सापडला, 2007 मध्ये त्यावर लिहिलं गेलं. कापलेल्या मुळावर आयोडिन टाकलं तर नेहमीचा गडद निळा रंग यायच्या ऐवजी लालसर-तांबूस येतो, इतकं साधं ओळखणं. अशा स्टार्चची पेस्ट थंड झाल्यावर पाणी सोडत नाही, गोठवलेल्या पदार्थांना त्याची फार मागणी.

बटाट्यात हेच काम बीएएसएफ कंपनीने जनुकबदल करून केलं होतं, अॅम्फ्लोरा नावाची जात, खाण्यासाठी नाही तर कागद वगैरे उद्योगांसाठी. युरोपने 2010 मध्ये परवानगी दिली, विरोध इतका झाला की 2012 मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली आणि 2013 मध्ये न्यायालयाने परवानगीच रद्द केली. विज्ञान जमलं पण लोकांचा विश्वास जमला नाही. माझं स्वतःचं मत, एखादा जीन गप्प केल्याने कोल्ड स्टोरेजचा बटाटा लाल होणार नसेल आणि अॅक्रिलामाइड कमी होणार असेल तर त्याकडे मोकळ्या मनाने बघायला हवं. आपल्या मंडीत मात्र असा बटाटा नाही, हे कोणी घाबरवलं तर सांगता येईल.

मानसी_सुदामानगर, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, मी आणि लेकीने बसून दोनदा वाचलं, तिने वहीत उतरवून पण घेतलं. सासूबाई विचारतायत की मग रताळं का गोड होतं? ते तर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवत नाहीत, कच्चं खाल्लं तर फार गोड नाही आणि शेकोटीत भाजलं की मध. आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात हिवाळ्यात गराडू (एक कंद) मिळतो तो तळला तरी बटाट्यासारखा लाल नाही होत, तो काय प्रकार?

वनस्पतीवाले_सर, इंदूर

सासूबाईंचा प्रश्न ऐकून फार बरं वाटलं, असे प्रश्न स्वयंपाकघरातूनच येतात.

रताळ्यात एक जीन जन्मजात जोरात चालतो, बीटा-अमायलेजचा. हे एन्झाइम रताळ्यात भरपूर साठलेलं असतं पण कच्च्या स्टार्चच्या घट्ट दाण्याला ते फारसं काही करू शकत नाही. गरम करताना 60-65 डिग्रीच्या पुढे स्टार्चचा दाणा फुगून सैल होतो, आणि एन्झाइम साधारण 75 डिग्रीपर्यंत तग धरतं. या मधल्या पट्ट्यात ते स्टार्चचे दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडतं, तो माल्टोज, गोड. म्हणून शेकोटीत हळू हळू भाजलेलं रताळं गोड आणि मायक्रोवेव्हमध्ये पटकन शिजवलेलं तितकं नाही, कारण त्या पट्ट्यातून ते धावत निघून जातं. सासूबाईंना सांगा मंद आचेवर जास्त वेळ ठेवायची त्यांची पद्धत अगदी बरोबर आहे.

रताळ्याचं मूळ कंद कसं बनतं हेही सुंदर आहे. सुरुवातीला सगळी मुळं सारखीच बारीक असतात. ज्यांचा कंद होणार त्यांच्यात लिग्निन, म्हणजे लाकूडपणा आणणारा पदार्थ, तो बनवणारे जीन मंदावतात आणि स्टार्चचे जीन चढतात. ज्या मुळात लाकूडपणा आधी आला ते फुगतच नाही, दोरीसारखं राहतं. बाजारात ती बारीक दोऱ्यासारखी मुळं रताळ्याला चिकटलेली दिसतात ना, तीच.

गराडू हा डायोस्कोरिया अलाटा, बटाट्याशी नातं नाही, वेलीचा कंद. तो हंगामात ताजा येतो आणि 2-4 डिग्रीवर महिनोन्महिने बसत नाही, त्यामुळे तळताना लाल करणारी साखर त्यात तशी साचत नाही. सराफ्यात तो आधी एकदा तळून ठेवतात आणि मग गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा तळून वर जीरावण मसाला टाकतात, दोनदा तळूनही तो सोनेरीच राहतो तो यामुळे.

मानसी_सुदामानगर, इंदूर

कळलं सर. आता शेवटचं, घरात थोडा माल पडलाय तो कोल्ड स्टोरेजवालाच आहे, लाल होतोय. तो फेकायचा का?

बडोद्याचा_लॅबवाला

फेकू नका ताई. थंडीतून काढलेला बटाटा 15 ते 18 डिग्रीवर दोन-तीन आठवडे ठेवला तर साखरेचा बराच भाग परत स्टार्चमध्ये जातो, काही श्वसनात खर्च होतो, याला लॅबमध्ये रिकंडिशनिंग म्हणतात. म्हणजे भरण्याचे काही जीन परत थोडे काम करतात. इंदूरला श्रावणात घरात एवढं गार मिळणार नाही, पण जिथे सगळ्यात गार आणि हवेशीर जागा असेल तिथे टोपल्यात पसरून ठेवा, ढीग करू नका, अंधारात ठेवा नाहीतर हिरवा पडेल. सगळा माल सुधरेल असं नाही, फार महिने राहिलेला जुना बटाटा सुधरत नाही, त्याची भाजी करा.

आणि तपासायची एक सोपी युक्ती. मेडिकल स्टोअरमध्ये लघवीतली साखर बघायची पट्टी मिळते, ती ग्लुकोजलाच रंग देते. बटाटा मधोमध कापून कापलेल्या बाजूवर ती दाबायची, रंग गडद आला तर ग्लुकोज जास्त, तो वेफरला नको. दोन्ही टोकांना पण दाबून बघा, कधी कधी एकाच टोकाला साखर साचते, तो भाग कापून टाकता येतो.

पाटील_सांवेर

आणि मंडीतून आणल्यावर मिठाच्या पाण्याची चाचणी पण करत जा. एक लिटर पाण्यात साधारण 120 ग्रॅम मीठ विरघळवायचं, बटाटा धुऊन टाकायचा. बुडला तर त्यात स्टार्च भरपूर, वेफर कुरकुरीत आणि तेल कमी पिणार. तरंगला तर पाणचट. पण लक्षात ठेवा, हे पाणी स्टार्च सांगतं, साखर सांगत नाही. बुडलेला बटाटासुद्धा थंडीतला असेल तर लाल होऊ शकतो, त्यासाठी लॅबवाले भाऊंची पट्टीच. काप केल्यावर गरम पाण्यातून, उकळी फुटायच्या आधीच्या पाण्यातून, दोन-तीन मिनिटं काढले की वरची साखर बरीच निघून जाते, तुरटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. पाणी मात्र प्रत्येक घाण्याला बदला, नाहीतर आधीच्या कापांची साखर पुढच्यांना लागते. येत्या फेब्रुवारीत आमचा चिप्सोना निघेल तेव्हा काढल्या काढल्या जास्तीचा घेऊन वाळवून ठेवा ताई, वाळलेला वेफर श्रावणापर्यंत आरामात टिकतो आणि तळला की पांढराच निघतो.